कोरड्या कुंडीचं वजन

सर्वांत खालचं पान अकरा मिलिमीटर लांब होतं आणि त्यातले देठाकडचे चार मिलिमीटर काचेसारखे झाले होते. पिवळे नव्हेत, सुरकुतलेलेही नव्हेत. आतला हिरवा रंग कुणीतरी हळूच काढून घ्यावा आणि मागे नुसती पाण्याची पिशवी ठेवावी, तसे. आत्याने पट्टी बाजूला ठेवली आणि पानाला बोटाचं टोक लावलं. जोर लावावाच लागला नाही. पान गळून तिच्या तळहातावर पडलं.

"दहावं," ती स्वतःशीच म्हणाली.

एकेचाळीस कुंड्यांपैकी नऊ झाडं गेल्या सात आठवड्यांत सडून गेली होती. आता हे दहावं त्या वाटेला लागलं होतं. सगळी जाड पानांची, पोटात पाणी साठवणारी झाडं, आणि सगळी भावाची. भाऊ त्यांना उंट म्हणायचा. "माझ्या उंटांना पाणी विचारायचं नाही," असं तो आल्यागेल्याला बजावायचा, "ते मागतील तेव्हाच द्यायचं." तीन वर्षांपूर्वी भाऊ गेला आणि दक्षिणेकडच्या खोलीत खिडकीपाशी तीन फळ्यांवर त्याचे उंट मागे राहिले. कुणाला गुलाबासारखी पानं, कुणाच्या मण्यांसारख्या लोंबत्या माळा, कुणी नुसतेच गोटे. जमिनीवर मोठ्या कुंडीत एक जाड खोडाचं जुनं झाड होतं, त्याला भाऊ म्हातारा म्हणायचा.

घरात राहिल्या दोघी, भावाची बायको आणि भावाची बहीण. बहिणीला सगळे आत्याच म्हणत. भावाच्या मुलीने लहानपणी हाक मारायला सुरुवात केली आणि पुढे इमारतीतल्या सगळ्यांनी तेच नाव उचललं. फक्त वहिनी तिला अजून वन्सं म्हणायच्या. लग्न होऊन आल्या त्या दिवशी जे तोंडात बसलं ते बसलं.

आत्याने कुंडी वजनकाट्यावर ठेवली. तीनशे अडुसष्ट. कुंडीला चिकटवलेल्या कागदी पट्टीवर तिच्याच ठळक अक्षरात २४० लिहिलेलं होतं. कोरड्या कुंडीचं ते वजन. कुंडी त्या आकड्यावर उतरली की मगच पाणी, असा तिने नियम केला होता. भावाला कुंडी नुसती हातात धरली तरी कळायचं. आत्याला तीन वर्षं प्रयत्न करूनही ते जमलं नाही, म्हणून तिने काट्याची शिस्त लावली. दर रविवारी सगळ्या कुंड्यांचं वजन करायचं, वहीत मांडायचं, बाकी डोक्याला त्रास नाही. पण सात रविवार झाले, एकही कुंडी आकड्याखाली उतरली नव्हती. सात आठवड्यांत तिने एक थेंब पाणी घातलं नव्हतं, आणि झाडं मात्र जास्त पाण्याने सडत होती. दोन कुंड्यांचं वजन तर चक्क वाढलं होतं. बंद खोलीत मातीचं वजन आपोआप वाढत नसतं, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. तरी तिने वहीत तो आकडा लिहिला आणि पुढे एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं. हल्ली ती फार प्रश्नचिन्हं काढायची. उत्तरं शोधायला लागणारी ताकद कुठेतरी गळून गेली होती.

"वन्सं, चहा ओतू का?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"ओता."

"की थांबू थोडं?"

"थांबलात तरी चालेल."

"तसं नाही, तुम्हाला गरम लागतो म्हणून विचारलं."

"तुम्हाला घ्यायचा असेल तर ओता ना वहिनी."

"माझं काय हो, मला कसाही चालतो."

चहा शेवटी कोमटच मिळाला. रोजच मिळायचा. एकीच्या आधी दुसरी घेणार नाही, मग दोघींचाही गार. टोपलीत एक पाव उरला की तो संध्याकाळपर्यंत तसाच राहायचा, कारण तो दोघींनी एकमेकींसाठी ठेवलेला असायचा. दुसऱ्या दिवशी कडक झाला की वहिनी तो गुपचूप बाहेर पक्ष्यांना टाकायच्या. त्या घरातले पक्षी तेवढे खाऊनपिऊन सुखी होते.

दहा वाजता वहिनींच्या मुलीचा फोन आला. दुसऱ्या शहरातून दर रविवारी यायचा. वहिनींना कानाला फोन लावून नीट ऐकू येत नसे, म्हणून तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात चालायचा. आत्या आत असली तरी शब्दन् शब्द ऐकू यायचा.

"आई, खोली तयार आहे. पलंग आला, गादी आली. आता सांग, कधी येतेस?"

"बघू गं."

"तुझं हे 'बघू' तीन वर्षांचं झालं. बालवाडीत घालू या का त्याला?"

"चेष्टा करू नकोस. इथे झाडं आहेत. वन्सं आहेत."

"याच क्रमाने का, वहिनी?" आत्याने आतून विचारलं.

"अगंबाई, ऐकू जातंय वाटतं!" वहिनी हसल्या. फोनमधूनही हसू आलं. मग मुलीचा आवाज खाली आला.

"आई, खरंच सांग मला. मी किती दिवस जेवणाच्या टेबलावर ऑफिसचं काम करू? तू येणार असशील तर खोली तुझी. नसशील तर मी तिथे माझं टेबल टाकते. रागावणार नाही, शप्पथ. पण पुढच्या रविवारी मला हो किंवा नाही पाहिजे. 'बघू' नको."

"बरं बाई, बघ..." वहिनी म्हणाल्या आणि जीभ चावली.

आत आत्या काट्यावरची माती ब्रशने झाडत उभी होती. तीन वर्षांपासून एक वाक्य तिच्या ओठांपर्यंत यायचं आणि परत फिरायचं. मला एकटीला राहायचंय. एवढंच. पंचावन्न वर्षांत ती एकही दिवस एकटी राहिली नव्हती. आधी आईवडील, त्यांचं आजारपण, मग भावाचा संसार, भाचीच्या परीक्षा, भावाचं दुखणं. हे घर आईवडिलांनी दोघा भावंडांना ठेवलेलं, त्यामुळे कुणी कुणाकडे राहतंय असाही प्रश्न नव्हता. सगळे राहत होते, म्हणून तीही राहत होती. आता तिला फक्त दार लावून घ्यायचं होतं, गरम चहा प्यायचा होता आणि शेवटचा पाव स्वतः खायचा होता.

वहिनींशी तिचं वाकडं असतं तर सोपं गेलं असतं. वाकडं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तीस वर्षांत वहिनींनी तिला एक उणा शब्द ऐकवला नव्हता. अशा बाईला तोंडावर जा म्हणायचं कसं? त्यातून भाऊ गेलेला. लोक काय म्हणतील, हे एक वेळ बाजूला ठेवता आलं असतं. पण वहिनी काही म्हणणार नाहीत, नुसत्या 'बरं' म्हणून बॅग भरायला घेतील, हे डोळ्यांसमोर आलं की ती कुंड्या मोजायला लागायची.

आत्या शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. रोज सकाळी ठिकठिकाणच्या नळांचं पाणी बाटल्यांतून यायचं. गढूळपणा किती, क्लोरीन किती, जंतू आहेत का, हे बघून अहवालावर सही करायची. एकोणतीस वर्षं ती तेच करत होती. सोमवारी तिने पर्समध्ये घरचा वजनकाटा घालून नेला आणि प्रयोगशाळेतलं दोनशे ग्रॅमचं प्रमाण वजन त्यावर ठेवून पाहिलं. काट्याने दोनशे दाखवले. म्हणजे काटा खोटा नव्हता. मंगळवारी तिने तीन कुंड्यांमधली चमचा चमचा माती डब्यांतून नेली, वजन केली आणि भट्टीत रात्रभर वाळायला ठेवली. वाळून किती वजन घटतं, त्यावरून मातीत पाणी किती होतं ते कळतं.

बुधवारी सकाळी तिच्या हाताखालच्या तंत्रज्ञ मुलीने डबे बाहेर काढले, वजनं घेतली, गणित केलं आणि तिन्हींची सरासरी वहीत लिहिली. चौतीस.

"चौतीस काय?" आत्याने विचारलं. "चौतीस हत्ती?"

हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. आकड्यापुढे ग्रॅम, टक्के, मिलिलिटर असं काही लिहिलेलं नसलं की ती हत्ती विचारायची. त्यावरून तरुण मंडळी पाठीमागे तिला हत्तीबाई म्हणत. ती काडीसारखी बारीक, त्यामुळे नाव आणखीच शोभायचं. तिला हे माहीत होतं आणि त्यांना ते तिला माहीत असल्याचं माहीत होतं.

"चौतीस टक्के, मॅडम," मुलीने घाईने चिन्ह काढलं. "ही माती कुठल्या ओढ्याकाठची?"

"माझ्या घरातल्या कुंडीतली. सात आठवडे पाणी न घातलेली."

"मग घरातच ओढा असणार."

"फाजीलपणा पुरे."

"फाजीलपणा नाही, मॅडम. पाणी कुणीतरी घालतंय. नमुना खोटं बोलत नाही, असं तुम्हीच शिकवलंत."

"घरी मी आणि वहिनी. आणि वहिनी खिडकी उघडायची तरी मला विचारतात."

नळाखाली डबे विसळत मुलीने नुसत्या भुवया उंच केल्या.

दुपारी बाराच्या सुमारास जंतू वाढवायची उबपेटी बंद पडली. आतलं तापमान उतरत गेलं आणि सगळ्या दिवसाचं काम वाया गेलं. दुरुस्तीवाला उद्या येणार होता. आत्याने बाटल्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवल्या, चार कागदांवर सह्या केल्या आणि खुर्चीत बसून राहिली. डोकं दुखत नव्हतं, ताप नव्हता. फक्त उठावंसं वाटत नव्हतं. मग भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदाच तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

घराचं दार तिने आपल्या किल्लीने उघडलं. वहिनी दुपारच्या झोपल्या असतील म्हणून चपला हातात घेतल्या. आतून पाण्याचा आवाज आला. नळाचा नव्हे. उंचावरून बारीक धारेने ओतल्यासारखा.

दक्षिणेकडच्या खोलीत वहिनी गुडघ्यांवर बसल्या होत्या. नाकावर चष्मा, पदर खोचलेला, शेजारी बादली आणि स्वयंपाकघरातलं मापाचं प्लास्टिकचं भांडं. भांडं डोळ्यांसमोर धरून, एक डोळा मिटून, त्या पाणी रेघेला लावत होत्या. थोडं जास्त झालं, थेंबभर परत बादलीत सांडलं. मग म्हाताऱ्याच्या कुंडीत ओतलं. खालच्या ताटलीतून पाणी बाहेर आलं, ते त्यांनी फडक्याने पुसून बादलीत पिळलं. आणि पुन्हा भांडं भरायला घेतलं.

"वहिनी?"

वहिनींच्या हातातून भांडं सुटलं. "अगंबाई! वन्सं? बरं नाही का तुम्हाला?"

"मी बरी आहे. हे काय चाललंय?"

"आज बुधवार ना," वहिनी म्हणाल्या. "हे बुधवारीच घालायचे. सुट्टी असायची ना त्यांना."

"पण किती घालताय?"

"लिहिलंय तेवढंच हो. एक थेंब इकडचा तिकडे नाही." वहिनींनी ओल्या बोटाने कुंडीवरची पट्टी दाखवली. त्यावर १८५० होतं. "याचं मेलं फार वेळ चालतं. भांडं पाचशेचं, त्यामुळे तीनदा पूर्ण आणि एकदा साडेतीनशे. निम्मं खालून निघून जातं. मग मी ते परत वरून ओतते. लिहिलंय तितकं पोटात गेलं पाहिजे ना. मला वाटलं, म्हाताऱ्याला तहान जास्त."

आत्या दाराच्या चौकटीला टेकली. हातातल्या चपला तिने तशाच जमिनीवर सोडल्या.

"वहिनी, ते वजन आहे."

"कशाचं?"

"कुंडीचं. कोरड्या कुंडीचं. तेवढं वजन उतरलं की मग थोडंसं पाणी. तो आकडा पाण्याचा नाही."

वहिनींनी पट्टीकडे पाहिलं, मग भांड्याकडे, मग पुन्हा पट्टीकडे. चष्मा काढला, पुसला, लावला.

"पुढे काही लिहिलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ग्रॅम की काय ते."

नव्हतं. एकेचाळीस पट्ट्यांपैकी एकीवरही नव्हतं. आपल्याच घरातल्या कुंड्या, आपल्यालाच वाचायचंय, मग कशाला लिहायचं, असं वाटून तिने कंटाळा केला होता. एकोणतीस वर्षं जगाला हत्ती विचारणाऱ्या बाईने.

"पण तुम्हाला घालायला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच!" वहिनींचा आवाज पहिल्यांदा चढला. "पट्ट्या लावल्यात त्या दिवशी जेवताना नाही का म्हणालात? आता आकडा बघून पाणी घालायचं."

आत्याला ते आठवलं. तिने नुसती माहिती दिली होती. आता आकडा बघून पाणी घालायचं. कुणी घालायचं, ते त्या वाक्यात नव्हतंच. ती आपल्यापुरतं बोलली होती, वहिनींनी आपल्यापुरतं ऐकलं होतं.

"आणि मला बोलला नाहीत एका शब्दाने? सात आठवडे?"

"काय बोलायचं त्यात? काम सांगितलंत, केलं." वहिनींनी बादली जवळ ओढली. "खरं सांगू का, बरं वाटलं मला. तीन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला काहीतरी करायला सांगितलंत. एरवी मी हात लावायच्या आत तुमचं झालेलं असतं. नुसती बसून असते मी दिवसभर. झाडं मरायला लागली तेव्हा मला वाटलं, मीच कुठेतरी कमी पडतेय. गेल्या बुधवारी तर दोनदा घातलं."

आणि मग वहिनींना हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले. "पावणेदोन लिटर..." त्या म्हणाल्या, "वन्सं, पावणेदोन लिटरच्याही वर! दर आठवड्याला! उंट बुडवले हो मी त्यांचे!" त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि आत्याही चौकटीला धरून खाली बसली आणि हसली. हसू संपलं तेव्हा दोघींना दम लागला होता.

मग कुंड्या उपसायला घेतल्या. खोलीभर जुनी वर्तमानपत्रं पसरली. आत्या झाड मुळांसकट बाहेर काढायची, चिखल झाडायची, काळी मऊ पडलेली मुळं कात्रीने कापायची. वहिनी मध्ये मध्ये कात्री स्पिरिटने पुसून द्यायच्या आणि कापलेली झाडं कागदावर एका ओळीत निजवायच्या. जखम सुकेपर्यंत चार-पाच दिवस मातीत लावायची नव्हती. ज्यांचं खोडच मऊ झालं होतं त्यांची चांगली पानं तेवढी काढून ठेवली, एखाद्या पानाला मूळ फुटलं तर फुटलं. म्हाताऱ्याच्या खोडावर बोट दाबलं तर आत गेलं. आत्याने बोट काढून फडक्याला पुसलं आणि पुढची कुंडी ओढली.

"तुम्हाला आवडायची का हो ही झाडं?" बऱ्याच वेळाने वहिनींनी विचारलं.

"मला? नाही विशेष. तुमच्यासाठी सांभाळत होते."

"घ्या! आणि मी तुमच्यासाठी." वहिनींनी एका मण्यांच्या माळेतले सडलेले मणी खुडायला घेतले. "मला तर यांची नावंसुद्धा येत नाहीत. दिसायलाही कशी, फुगलेली. पण म्हटलं, भावाची आठवण आहे वन्संची."

मघाशी हसू आलं होतं, आता आलं नाही. उन्हाचा पट्टा कागदांवरून सरकत भिंतीपाशी गेला होता. आत्याच्या पाठीत कळ येत होती. हीच वेळ आहे, तिला वाटलं. झाडांचं बोलून झालं, आता पुढचं.

"वहिनी, मी काय म्हणत होते..."

"मला माहितीय तुम्ही काय म्हणणार ते," वहिनी खाली बघूनच म्हणाल्या. "रविवारचं ना? काळजी करू नका. नाही जात मी कुठे."

"तसं नाही..."

"मला कळत नाही का? हे गेले तेव्हापासून तुम्ही रात्री दार उघडं टाकून झोपता. आधी कधी तुमच्या खोलीचं दार उघडं नसायचं. तेव्हाच म्हटलं मी, वन्संना भीती वाटते, बोलायच्या नाहीत त्या. म्हणून तर मी बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसते, तुमचा दिवा मालवेपर्यंत. अशा माणसाला टाकून मी मुलीकडे मजेत राहायला जाऊ?"

आत्याच्या हातातली कात्री थांबली. भाऊ गेल्यानंतर तिने दार उघडं ठेवायला सुरुवात केली होती ती वहिनींसाठी. त्या रडल्या तर ऐकू यावं, हाक मारली तर उठता यावं म्हणून. तीन वर्षं ती बाहेरच्या खोलीतल्या उजेडात कूस बदलत पडून राहायची, वहिनी झोपायला जातील तर बरं, असं मनात म्हणत. आणि वहिनी डोळ्यांची आग होईपर्यंत बाहेर बसायच्या, वन्सं झोपतील तर बरं म्हणून. सकाळी दोघी एकमेकींना विचारायच्या, झोप लागली ना? छान लागली.

"बोला ना," वहिनी म्हणाल्या. "काय म्हणत होता?"

"काही नाही. जरा कात्री पुसून द्या."

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. उबपेटी दुरुस्त झाली, बाटल्या आल्या, सह्या झाल्या. घरी कागदावरच्या झाडांच्या जखमा सुकून बदामी झाल्या. शनिवारी मोजलं तर सतरा झाडं जगण्यासारखी होती. त्या रात्री आत्याने खोलीचं दार लावून पाहिलं. दोन मिनिटांनी दारावर टकटक झाली.

"वन्सं, बरं वाटत नाहीये का?"

तिने दार उघडलं.

रविवारी सकाळी दोघी जमिनीवर बसून जाड वाळू आणि विटांचा चुरा कालवत होत्या. वहिनींनी बुधवारपासून कामाचा ताबाच घेतला होता. चाळणीतून त्या चुरा चाळत होत्या, बारीक धूळ वेगळी काढत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत न दिसलेली एक तरतरी होती. "आता नीट शिकले मी," त्या म्हणाल्या, "आता एक मरू द्यायची नाही. पुढे ग्रॅम लिहा म्हणजे झालं." आत्याने मान हलवली. सतरा झाडं. जगली तर अजून वीस वर्षं जगतील. दर रविवारी वजन, कोमट चहा, टोपलीतला पाव. तिला एकाएकी इतका थकवा आला की हातातली वाळू जड वाटली.

दहा वाजता टेबलावरचा फोन वाजला. वहिनींनी हात झटकून तो उचलला, बटण दाबलं आणि कागदांमध्येच जमिनीवर ठेवला.

"बोल गं."

"आई, काय ठरलं?"

"ठरायचं काय त्यात. तू टाक तुझं टेबल तिथे."

"बरं," मुलगी म्हणाली. "कारण विचारू की नको?"

"कारण तुला माहितीय. आत्याला एकटं राहवत नाही."

"आत्या म्हणाली असं?"

"ती कशाला म्हणेल? तिने आयुष्यात कधी स्वतःसाठी काही मागितलंय?" वहिनींनी आवाज बारीक केला, जणू शेजारी हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला तो ऐकू येणार नव्हता. "न बोलणाऱ्या माणसाचं आपणच ओळखायचं असतं, राणी. मी ओळखलंय. मला काय, मी कुठेही राहीन. तुझ्याकडे आले असते तर आवडलं असतं मला, खोटं कशाला बोलू. तुझी ती खिडकी, खाली बाग आहे म्हणतेस. पण ते राहू दे आता."

आवडलं असतं. हा शब्द वहिनींनी तीन वर्षांत पहिल्यांदा उच्चारला होता, आणि लगेच वाळूसारखा हातावरून झटकलाही होता. त्या पुन्हा चाळणीकडे वळल्या. त्यांच्या बोटांच्या पेरांना चुऱ्याची लाल धूळ लागली होती.

"वहिनी," आत्या म्हणाली.

"अं? पाणी आणू का?"

"नको. फोन बंद करू नका. तिलाही ऐकू दे." तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला, कोरडा आणि जरा मोठा. "ते दार मी तुमच्यासाठी उघडं ठेवत होते. मला भीती वाटत नाही. कधीच वाटली नाही."

चाळणी थांबली.

"आत्या?" फोनमधून आवाज आला.

वहिनी तिच्याकडे बघत होत्या. रागाने नाही, अजून कळलं नव्हतं म्हणून. त्यांना कळू लागल्याची पहिली खूण, भुवयांमधली ती बारीक आठी, आत्याला दिसली. या एका खुणेला ती तीन वर्षं घाबरत आली होती. तिने नजर वळवली नाही.

"तुम्ही जा वहिनी. झाडांसाठी थांबू नका, माझ्यासाठी तर नकोच," ती म्हणाली. "मला एकटीला राहायचंय."